ताईला बदली मिळाली नाही

माझी ताई खोकल्याने गेली.

असं सांगितलं की लोक थांबतात. पुढे एखाद्या मोठ्या आजाराचं नाव येईल म्हणून वाट बघतात.
मोठं नाव नाहीये. भाऊबीजेच्या आठवड्यात घराघरात होता तोच खोकला. मलाही झाला होता.

आज वर्ष झालं.

मी आणि नंदाताई एका ताटात जेवून वाढलो. तेच पाणी, त्याच लसी, त्याच आईचा मार. लहानपणी ठणठणीत ती होती, शेंबडा मी.
मग मी इंजिनिअर होऊन कोथरूडला आलो. ती दहावीनंतर लग्न होऊन बिबवेवाडीला गेली.

दाजी वॉचमन. दर वेळी एजन्सी बदलली की नोकरी राहते की जाते, याचा घोर. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून खोलीचा मालक सणासुदीला हटकून येऊन विचारायचा, "मग, कधी सोडताय?"
ताई स्वारगेटजवळच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. सकाळ-संध्याकाळ.

त्या मेसमध्ये एक पद्धत होती. सुट्टी हवी असेल तर बदली बाई तुम्हीच आणून द्यायची. आणि बदलीच्या पोळ्या मालकाला आवडल्या, तर उद्यापासून तीच बाई.
म्हणून ताईने मुद्दाम वाईट पोळ्या लाटणारी बाई शोधून ठेवली होती.

"शोभा ना, चपलेचे सोल लाटते अगदी. देवमाणूस आहे!"
आम्ही पोट धरून हसायचो.

पण तिच्या हातावरचा तव्याचा चटका महिना महिना ओला असायचा. सारखं तोंड आलेलं. एक सर्दी गेली की दुसरी हजर.
मी म्हणायचो, "ताई, आठ दिवस ये माझ्याकडे. नुसती पडून राहा."
"पडून काय करू? पडलं की सगळं आठवतं रे. उभी असते तेच बरंय."

गेल्या वर्षी भाऊबीजेला तिने मला ओवाळलं. माझ्यासाठी उदंड आयुष्य मागता मागता मध्येच खोकली. मीही खोकत होतो.
कोणाकडून कोणाला गेलं ते कळलं नाही.

मी सिक लीव्ह टाकली. सूप प्यायलो, झोपलो. बेल वाजली तर बायको दारातूनच सांगायची, "झोपलेत ते."
आठवड्यात टुणटुणीत.

ताईची शोभा दिवाळीला गावी गेलेली. दुसरी एक बाई तयार होती, पण तिच्या पोळ्या मऊसूत.
ताईचा फोन आला. आवाज पार बसलेला.
"हिला पाठवलं ना, तर मी कायमची घरी."
"मग बस घरी! मी आहे ना."
"तू आहेस रे. पण उद्या ह्यांचीही नोकरी गेली तर? दोघं येऊन बसू का तुझ्या सोफ्यावर?"

मागून पूजाचा आवाज आला. माझी भाची, तेव्हा कॉलेजला. "आई, मी जाते ना बदली."
"पोळपाटाला हात लावून तर बघ!" ताई ओरडली आणि त्यावरच तिला ढास लागली.

ताप अंगात घेऊन ती कामावर जात राहिली. मग न्यूमोनिया. मग आयसीयू. मग काहीच नाही.

डॉक्टर बिचारे तरुण होते. म्हणाले, "या वयात एवढ्या इन्फेक्शनने सहसा असं होत नाही. काही टेन्शन होतं का त्यांना?"
दाजी म्हणाले, "कुठल्या वर्षाचं विचारताय?"

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. काळजी वर्षानुवर्षं उतरलीच नाही, की शरीर सतत सावध राहतं. त्यातच त्याची ताकद संपते. जखमा भरत नाहीत, साधा जंतूही हटत नाही. टेन्शन सगळ्यांनाच असतं, पण काहींना ते खाली ठेवायला जागा असते, काहींना नसते.

दाजींनी मान हलवली.
"कळलं. डबल ड्यूटी केली की होतं तसं. डोळे उघडे असतात, पण गेटातून कोण आत गेलं ते दिसत नाही."


तेव्हापासून मला बरं व्हायची भीती वाटते.
पावसाळ्यात ताप आला. दोन दिवसांत गेला. मी बेडवर बसून रडलो. बायकोला वाटलं, अजून बरं नाहीये.
कधीकधी मी खोकायच्या आधीच खोलीत कोणीतरी खोकतं. वळून बघतो. कोणी नसतं.
तू मागितलेलं आयुष्य मला मिळतंय, ताई. ते मला सहन होत नाही.

आज वर्षश्राद्धाला पूजा पानं वाढत होती. आता तुझ्या जागी मेसमध्ये तीच जाते. मान वळवून खोकत होती.
"कधीपासून आहे गं?"
"जाईल मामा."
"सुट्टी घे."
"बदली कोण देणार?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला.
दाजी उठले. आत जाऊन पूजाचे दोन ड्रेस पिशवीत भरून आणले आणि पिशवी माझ्याकडे दिली.
"बाबा, जागा जाईल हो माझी."
"जाऊ दे," दाजी म्हणाले.
त्या घरात हे दोन शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

आत्ता पूजा माझ्या घरी, आतल्या खोलीत झोपली आहे. भर दुपारी. तुला दुपारी झोपलेली पाहिल्याचं मला आठवत नाही.
संध्याकाळच्या पोळ्यांची वेळ होत आली. मी दाराबाहेर खुर्ची टाकून हे लिहितोय. आत बांगड्या वाजल्यासारख्या वाटतायत. पूजा बांगड्या घालत नाही.

ताई, आली असशील तर ये. बस तिच्या उशाशी. तुला माझा नमस्कार.

फक्त तिला उठवू नकोस.