अप्पांच्या जागी ज्वारीचं पोतं

अप्पा माझ्या गाडीवर बसणार नाहीत, हे त्यांनी मला सांगितलं नाही. आईला सांगितलं, मी समोर जेवत बसलेलो असताना. "त्याला म्हणावं, मी बसनं जातो. त्याच्या गाडीपरीस बैलानं ढुशी दिलेली बरी."

वर्षातून एकदा गाणगापूरला जाऊन दुपारी पाच घरी माधुकरी मागायची, मगच तोंडात घास घालायचा, हा त्यांचा वडिलांपासूनचा नेम. पण आळंद तालुक्यातल्या आमच्या गावातून बसनं निघालं की माधुकरीची वेळ हमखास टळते. गाडीचं म्हणाल तर पुढच्या शॉकअपचं ऑइल सील गेलेलं. पाईपवरून तेल ओघळायचं, खड्डा आला की पुढचं चाक धाडकन आपटायचं, आणि अप्पांची कंबर रात्रभर आमच्याशी बोलायची.

मेकॅनिक म्हणाला, "सोडून जावा, सोमवारी बघू." जायचं होतं गुरुवारी. मग मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला आणि घरीच करायचं ठरवलं. व्हिडिओतल्या माणसाचे हात शेवटपर्यंत स्वच्छ होते. तिथंच मला संशय यायला हवा होता.

अंगणात इंजिनाखाली दगड लावले, चाक काढलं, शॉकअप उपसले. काळं तेल डब्यात ओतलं. डस्ट कव्हर वर सरकवलं तर आत पिवळा चिखल! आम्ही सगळ्यांनी आईकडं पाहिलं. दर अमावास्येला मैलारच्या खंडोबाचा भंडारा ती गाडीला लावते, तोही नेमका चकचकीत पाईपवर, मूठ मूठ. तो धुळीत मिसळून सीलाच्या रबराखाली जात होता.

"आई, तुझ्या भंडाऱ्यानं सील खाल्लं."

"देव गाडी राखतो का खातो? तूच वाकडी चालवतोस."

बाजेवरून अप्पा म्हणाले, "सील खाऊनच भागलं म्हण. पोराला सोडलं देवानं."

शेवटी तह झाला. इथून पुढं भंडारा हेडलाईटला.

नवं सील बसवून वरून बोअरच्या पाईपचा तुकडा धरला आणि ठोकणार, एवढ्यात बायको म्हणाली, "अहो, जुन्याची लिहिलेली बाजू वर होती. नव्याची खाली कामून?" मी म्हटलं, "तेच बघायलोय," आणि निमूट उलटं केलं. दोन्हीकडं सारखं तेल पडावं म्हणून मापाची खूण असलेली एकच वस्तू घरात होती, पोराची दुधाची जुनी बाटली. पोरगा आता कॉलेजात जातो. बाटलीसाठी बायको अजून माझ्याशी धड बोलत नाही.

गाडी उभी राहिली, तरी अप्पा बसेनात. "आधी पोतं बसव."

त्यांच्या जागी ज्वारीचं पोतं बांधून मी गावातून चक्कर मारली. पारावरून कुणी तरी ओरडलंच, "अण्णा, आज अप्पा लई गप हायत की!"

गुरुवारी पूजा आटोपून दहाला अप्पा बसले. खांद्यावरची त्यांची पकड अशी, की मीच चोर. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला, पकड सैल झाली. मी फुगून विचारलं, "अप्पा, कसं वाटायलंय?" थोड्या वेळानं पाठीवर जड काही टेकलं. अप्पांना झोप लागली होती.

आनंद झाला, पण क्षणभरच. जोरात जावं तर अप्पा पडणार, हळू जावं तर माधुकरी टळणार. शेवटी गाडी थांबवली आणि त्यांच्याच उपरण्यानं त्यांना माझ्या कमरेशी बांधायला लागलो. ते जागे झाले.

"काय करायलास?"

"बांधायलोय. झोपला होता तुम्ही."

"कोण झोपलं? डोळे मिटून शॉकअप ऐकायलो होतो." मग माझा हात झटकून त्यांनी स्वतःच गाठ मारली, मेंढरू बांधावं तशी घट्ट. "चल. वेळ टळंल."

गाणगापुरात शिरलो तेव्हा गल्लीत माधुकरी चालूच होती. गाठ मात्र काही केल्या सुटेना, आणि अप्पांना दम निघेना. म्हणून पहिल्या दारात आम्ही बाप-लेक एका उपरण्यात उभे राहिलो, एकच झोळी पुढं धरून.