न पाहिलेली पंचवीस मिनिटं

बावीस वर्षं मी एका मराठी दैनिकात चित्रपटांची परीक्षणं लिहिली. गुरुवारी अंधेरी-गोरेगाव पट्ट्यातल्या कुठल्या तरी लहान प्रेक्षागृहात पत्रकारांसाठी खेळ व्हायचा, संध्याकाळी मजकूर जायचा आणि शुक्रवारी सकाळी छापून यायचा. खाली स्टार. वडील कोकणातून आलेले, गिरणीत कामाला होते. घरात लिहिणारा मी पहिलाच. पेपरात माझं नाव येतं याचंच त्यांना इतकं अप्रूप होतं, की स्टार किती दिले याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. ते गेले तोवर माझं बऱ्यापैकी नाव झालं होतं आणि मी थोडा उर्मटही झालो होतो. पहिल्या अर्ध्या तासात चित्रपटाचं काय होणार ते मला कळतं, असं मी चारचौघांत म्हणायचो. लोक हसायचे. मला मात्र ते खरंच वाटत होतं.

तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी दोन खेळ लागोपाठ आले. चार वाजता अंधेरीला एक लहानसा मराठी चित्रपट आणि साडेसहाला गोरेगावला एक मोठा हिंदी. मराठी चित्रपट केला होता दिंडोशीच्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी. वय असेल पस्तीसच्या आसपास. त्यांचा हा पहिलाच चित्रपट. त्या स्वतः दारात उभ्या राहून आम्हा सगळ्यांच्या हातात माहितीचा कागद देत होत्या. मुख्य भूमिकेत वेसाव्याच्या मासळी बाजारात बसणारी एक कोळीण होती. तिने याआधी कधी कॅमेऱ्यासमोर काम केलं नव्हतं.

गोष्ट साधी होती. एका कोळणीचा नवरा होडी घेऊन समुद्रात जातो. होडी सापडते, तो सापडत नाही. घरातले म्हणतात, होडी विकून टाकू. ती हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. दीड तास ती नुसती मासळी निवडते, विकते, घरी येते, भात टाकते. चेहऱ्यावर काही दिसत नाही. मध्यंतरानंतर मी घड्याळाकडे पाहायला लागलो. गोरेगावपर्यंतचा रस्ता मेट्रोच्या कामाने खोदून ठेवलेला होता. शेवटची पंचवीस मिनिटं राहिली असताना मी उठलो.

बाई दाराशीच होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, थोडंच राहिलंय."

ऑफिसमधून फोन आलाय, मला निघावं लागेल, असं मी सांगितलं. माझा फोन खिशात बंद होता. त्यांनी मान हलवली आणि दार धरून ठेवलं.

मोठा चित्रपट सामान्य होता. त्याला मी अडीच स्टार दिले. मराठीला दीड. त्यात मी लिहिलं होतं, की बाजारातल्या खऱ्या बाईला पडद्यावर उभं केलं म्हणजे अभिनय होत नाही, आणि तिचा चेहरा शेवटपर्यंत लाकडासारखा राहतो. 'शेवटपर्यंत' हा शब्द मी लिहिला तेव्हा हात अडखळल्याचं मला आठवत नाही. तेच मला आज जास्त लागतं.

रविवारी बाईंचा मेसेज आला. लिहिलं होतं: सर, परीक्षण वाचलं. शेवटची पंचवीस मिनिटं पाहिली असतीत तर बरं झालं असतं. रागाने लिहीत नाही.

मला आधी रागच आला. पहिला चित्रपट करणाऱ्या प्रत्येकाला आपला शेवट जगावेगळा वाटतो, असं स्वतःशी म्हणून मी फोन बाजूला ठेवला. समोर बायको चहा घेत होती. ती मुलुंडला आमच्या घराजवळच्याच शाळेत शिकवते. तिच्या शाळेतल्या दोघी-तिघी त्या चित्रपटाला जायचं म्हणत होत्या. तिने सहज विचारलं, ती होडी विकते का रे शेवटी?

मी म्हणालो, तसं काही ठोस दाखवलेलं नाही.

तिने कप खाली ठेवला. "तू शेवट पाहिलेलाच नाहीस."

मी सांगायला लागलो, की दोन खेळ एका दिवशी आले, रस्ता खोदलेला, सगळेच असं करतात. तिने सगळं ऐकून घेतलं. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालीत. ती भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती उठून मुलांचे पेपर तपासायला बसली. त्या दिवशी आमच्या घरात कामापुरतंच बोलणं झालं.

मंगळवारपर्यंत सगळ्या उपनगरांत मिळून त्या चित्रपटाचा एकच खेळ उरला होता, घाटकोपरला, सकाळी सव्वादहाचा. माझ्या परीक्षणाने तो पडला असं म्हणणं हाही एक गर्वच होईल. मोठा चित्रपट आला की लहान चित्रपटांचे खेळ असेच कापले जातात. पण कोणी जाऊ की नको अशा विचारात असेल, त्याला 'नको' म्हणणारा मी होतो, एवढं खरं. मी तिकीट काढून आत गेलो. मला धरून सात माणसं होती.

मी उठून गेलो होतो, त्याच्या पाचच मिनिटांनंतर होडी विकत घेणारा तरुण किनाऱ्यावर येतो. कोळीण त्याला होडी दाखवते. आणि इतका वेळ गप्प असलेली ती बाई बोलायला लागते. ही भरतीला डावीकडे झुकते, तेव्हा जाळं उजवीकडे ठेव. इंजिन पहिल्यांदा सुरू होणार नाही, शिव्या देऊ नकोस, जरा थांब. या फळीतून पाणी येतं, फट बुजवली तरी येणार, रोज उपसावं लागतं. एकट्याने हिला लांब नेऊ नकोस, हिला माणसाच्या आवाजाची सवय आहे. नऊ-दहा मिनिटं ती बोलत राहते. ती होडीबद्दल बोलत नाही हे त्या पोरालाही हळूहळू कळतं आणि तो पायातल्या चपला काढून उभा राहतो. कॅमेरा हलत नाही. दीड तासाचा तो लाकडासारखा चेहरा का होता, हे मला तेव्हा कळलं. ती सगळं आत धरून बसली होती.

दिवे लागल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. झाडूवाला आला, तेव्हा उठलो.

तिथून मी थेट ऑफिसला गेलो आणि संपादकांना सगळं सांगितलं. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो होतो, त्यामुळे बोलणं अरेतुरेचंच. मी म्हणालो, मला दुसरं परीक्षण लिहायचंय आणि पहिलं का चुकलं तेही लिहायचंय. तो म्हणाला, परीक्षण लिही, पुनर्विचार म्हणून छापू, लोकांना आवडेल. पण उठून गेलास ते कशाला लिहायचं? मी म्हणालो, तेच तर छापायचंय.

"उद्यापासून तुझा एक तरी शब्द कोण खरा मानेल?" त्याने विचारलं. "आणि आपल्या पेपरचा?"

दोन दिवस घोळ चालला. शेवटी शुक्रवारी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात ते छापून आलं. तोवर घाटकोपरचा खेळही बंद झाला होता. मी ज्या चित्रपटाला जा म्हणत होतो, तो कुठेच लागलेला नव्हता. आठवड्याभराने संपादकाने मला बोलावलं आणि काही दिवस स्तंभ दुसऱ्याकडे देतोय, म्हणाला. त्या काही दिवसांना आता तीन वर्षं झाली. मला त्याबद्दल तक्रार करता येत नाही.

छापून आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मी वेसाव्याच्या बाजारात गेलो होतो. शोधावं लागलं नाही. पहिल्याच बाईला विचारलं, तिने बोटाने दाखवलं. त्या पन्नाशीच्या असतील. पडद्यावर दिसतात त्याहून ठेंगण्या. समोर बोंबील आणि मांदेली, हातात सुरी. मी सांगितलं, मी अमुक पेपरातला, तुमच्याबद्दल लिहिलं होतं तो. शेजारणींशी त्या आपल्या बोलीत बोलत होत्या, माझ्यासाठी त्यांनी भाषा बदलली.

"तो लाकडाचा चेहरा लिहिलात ते?" त्यांनी विचारलं. "सुनेने वाचून दाखवलं."

मी माफी मागितली. शेवट न बघता लिहिलं, हेही सांगितलं. त्यांनी एक गिऱ्हाईक उरकलं, मग मला बसायला पाट दिला. त्या म्हणाल्या, की तो होडीचा भाग कुणी लिहून दिलेला नव्हता. बाईंनी एवढंच सांगितलं होतं, की मावशी, होडी देताय त्याला काय सांगाल ते सांगा. बारा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची होडी अशीच दिली होती. नवरा समुद्रात नव्हता गेला, दवाखान्यात गेला. पण होडी त्याचीच. त्या दिवशी घेणाऱ्याला काहीच सांगता आलं नव्हतं, सही करून घरी आल्या होत्या. ते सगळं कॅमेऱ्यासमोर आलं. एकदाच घेतलं, परत घ्यायचं म्हटलं असतं तर जमलं नसतं, म्हणाल्या.

मी विचारलं, पडद्यावर बघताना कसं वाटलं?

त्या सुरी पुसत होत्या. "नाही बघितलं. होडी आली आणि मी उठून बाहेर गेले. मी पण शेवट बघितला नाही, भाऊ." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण मी त्याच्यावर काही लिहिलं नाही."

त्यात टोमणा नव्हता. जसं होतं तसं त्यांनी सांगितलं. त्यांनी विचारलं, मांदेली देऊ का? मी घेतली. घरी बायकोने ती तळली. जेवताना मी तिला हे सगळं सांगितलं, आणि त्यानंतर आम्ही पुन्हा नीट बोलायला लागलो.

चित्रपट करणाऱ्या बाईंना मी तेव्हाच माफीचं पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. गेल्या वर्षी पार्ल्याच्या एका कॉलेजात मुलांनी मला परीक्षण कसं लिहावं यावर बोलायला बोलावलं. मी त्यांना हीच गोष्ट सांगितली. एका मुलीने विचारलं, तो चित्रपट आम्हाला कुठे बघता येईल? तो कुठेच नव्हता. मग मी धीर करून बाईंना फोन लावला. मुलांना बघायचाय म्हटल्यावर त्या लगेच हो म्हणाल्या. माझ्याशी त्या तेवढंच बोलल्या.

एका शनिवारी दुपारी त्या शाळा सुटल्यावर आल्या. चाळीसेक मुलं होती. होडीच्या प्रसंगाला वर्गात कुणी हललं नाही. नंतर मुलांनी तासभर प्रश्न विचारले आणि बाई मनापासून उत्तरं देत होत्या, मध्येच हसतही होत्या. दुसरा चित्रपट कधी, असं एकाने विचारलं, तेव्हा म्हणाल्या, लिहितेय, पण जमेल की नाही सांगता येत नाही. मी मागच्या बाकावर बसून होतो.

त्यांना रिक्षापर्यंत सोडायला मी फाटकाशी गेलो. शाळेचं कसं चाललंय वगैरे मी विचारत होतो, त्या तुटक उत्तरं देत होत्या. मग थांबल्या.

"सर, एक विचारू? शेवट न बघता तुम्ही मला तीन स्टार दिले असतेत, तर घाटकोपरला गेला असतात?"

मी खरं तेच सांगितलं. नसतो गेलो.

"मलाही तसंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि मीही तुम्हाला मेसेज केला नसता." त्यांनी पिशवी खांद्यावर नीट घेतली, समोरून आलेल्या रिक्षाला हात केला आणि दिंडोशीला येणार का विचारून आत बसल्या.