डोंगरातली भरती

२००४ च्या जुलैत मनालीहून लेहला जाताना जीपमध्ये तो माझ्या शेजारी होता. साठीचा, डोक्याला मफलर आणि पायांत रबरी चपला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

"खंयचो रे तू?"

वेंगुर्ल्याचा म्हटल्यावर त्याने सरकून मला खिडकी दिली. तो मालवणचा मच्छीमार. लेहमधला फौजी मुलगा दोन दिवसांत वरच्या चौकीवर जाणार होता, त्याआधी त्याला गाठायचं होतं.

दुपारी रस्त्यात नाला आडवा आला. उन्हाने बर्फ वितळून असे नाले दुपारी फुगतात, हे आमच्या नवख्या ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं. तो गाडी पाण्यात घालणार, तेवढ्यात म्हातारा उतरला आणि काठावरच्या एका दगडाकडे टक लावून बसला. बघता बघता दगड बुडाला.

"भरती लागली हा. सकाळपर्यंत थांबाक व्हया."

"आणि तुमचो फौजी झील निघान गेलो तर, काकानू?" मी विचारलं.

"वाचलंय तर भेटतलंय."

डोंगरात कसली भरती, म्हणून ड्रायव्हर हसला. तासाभरात पाणी कमरेएवढं झालं, तेव्हा त्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं.

सकाळी नाला घोट्याएवढा उरला होता आणि कालचा दगड कोरडा होता. सगळे घाईने गाडीत बसले. ज्याला सर्वांत जास्त घाई होती, तो मात्र वाकून ओंजळभर पाणी प्यायला. तोंडात घोळवून त्याने चव घेतली आणि माझ्याकडे चकित होऊन पाहिलं.

"मीठ नाय रे ह्येका! मगे भरती शिकवल्यान कोणी?"