रशियन मोटारीचं चौथं चाक

मंडळी, माझ्या लहानपणच्या खेळण्यातल्या रशियन मोटारीचा फोटो सकाळी इथे टाकला होता. तुमच्यापैकी एका जाणकारांनी पोटाखालच्या शिक्क्यावरून कारखाना ओळखला. मॉडेल दुर्मिळ आहे म्हणे!

त्यांनीच पुढे लिहिलं, "पण चौथं चाक त्या कारखान्याचं नाही. कोणी बनवलं?"

मी आईला विचारलं.

"बाबांनी. कोटाचं बटण घासून. मूळचं चाक तू गिळलंस, आणि वर गाडी पळत नाही म्हणून रडत बसलास."

पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, "अजून पळते का बघ."

सोडली. थेट त्यांच्या चहाच्या कपापर्यंत गेली.

जाणकार त्याच कारखान्याचं चाक पाठवतो म्हणतायत. नको हो. मोटार रशियाची असेल, चौथं चाक सदाशिव पेठेचं आहे. तुम्ही बदललं असतं?