कुणाच्याच मामाचा नसलेला तलाव

पुण्याहून गोंदियाला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन जोड कपडे होते आणि ऐंशी स्लाइडांचा हॉलंड होता. आदल्या वर्षी लेकीकडे तिथे तीन महिने राहून आलो आणि तेव्हापासून तो देश मी गावोगाव दाखवत फिरतो. निवृत्त विज्ञानशिक्षकाला असा एखादा नाद हवाच, नाहीतर तो घरच्यांना शिकवत बसतो.

देश एवढासा, की आपल्या एकट्या विदर्भात दोनदा मावेल. पण दुर्बीण तिथली. एका कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्याच्या थेंबातले जीव पाहिले, तेही तिथेच. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढणारं यंत्र तिथलं. आणि मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं रक्त शुद्ध करणारं यंत्र तिथल्या एका डॉक्टरने महायुद्धाच्या धामधुमीत, सॉसेजवर गुंडाळायच्या सेलोफेनच्या नळ्या वापरून उभं केलं. माझ्या भाषणाचा शेवट मात्र नेहमी पाण्यावर असे. त्या देशात पाण्याची मंडळं आहेत, कित्येक शतकांपासूनची. कालव्याचं दार कधी उघडायचं हे तिथले लोक आपली माणसं निवडून आपणच ठरवतात. या वाक्याला टाळ्या हमखास पडत.

गाडी चार तास उशिरा गोंदियाला पोचली. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, ‘‘काका, कहाँ जाना है?’’ मी मराठीत उत्तर दिलं, त्याने हिंदीत भाडं सांगितलं. मी हिंदीवर आलो तर तो मराठीवर गेला. शेवटी दोघेही हसलो आणि त्याने मला बसस्टँडवर सोडलं. तिथे पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओतून देतात. पुण्याच्या जिभेला ती सोसली नाही, पण दुसरी प्लेट मागवली.

एसटीने कोहमाऱ्याला उतरलो. हा मोठ्या रस्त्यावरचा फाटा. ढाबे, ट्रक आणि टायरची दुकानं. दोन्ही बाजूंना धानच धान. ऑक्टोबरचे दिवस होते, धान निसवत होतं, म्हणजे पोटऱ्यांतून लोंब्या बाहेर पडत होत्या. ज्या कॉलेजात माझं भाषण होतं तिथले प्राचार्य मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांनी मला मागे बसवलं आणि वाटेत एका विस्तीर्ण पाण्याकडे हात केला. ‘‘मामा तलाव,’’ ते म्हणाले. मी जाणत्यासारखी मान डोलावली. मामा तलावांवर मी स्वतः लेख लिहिला होता, मला कोण सांगणार!

भाषण रंगलं. टाळ्या हव्या तिथे पडल्या. मग मागच्या रांगेतून एक म्हातारे उठले. धोतर, खांद्यावर दुपट्टा, पाय गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलाचे.

‘‘गुरुजी, त्या देशात शेवटच्या बांधीले पानी कवा भेटते?’’ त्यांनी विचारलं. (बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा.)

मी तोंड उघडणार तोच प्राचार्य उठले. ‘‘बाबाजी, हा विज्ञानाचा कार्यक्रम आहे. पाण्याच्या तक्रारी ऑफिसात द्यायच्या.’’ पोरं हसली. म्हातारे खाली बसले. आणि मी, कालव्यांवर वीस मिनिटं बोललेला माणूस, गप्प राहिलो. त्याची लाज मला रात्रभर पुरली.

सकाळी उठून त्यांचं घर शोधत गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना आधीच पुरेसा त्रास आहे. म्हाताऱ्यांचं नाव सोमाजी. जातीने कोहळी. त्यांनी मला काळा चहा दिला आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, नेलं.

‘‘हा तलाव कुठल्या मामाने दिला?’’ मी चालता चालता माहितीची देवाणघेवाण सुरू केली.

सोमाजी थांबले. ‘‘कोनाचा मामा?’’

‘‘मामा तलाव ना? बहिणीच्या लग्नात भाऊ तलाव खणून द्यायचा, म्हणून भाच्यांनी त्याला मामाचा तलाव म्हटलं.’’

‘‘हे कोनं सांगतलं तुमाले?’’

मला कुणीतरी पुण्यात जेवणाच्या पंगतीत सांगितलं होतं. मी ते खरं धरलं आणि एका मासिकात छापून मोकळा झालो. सोमाजींनी पाळीवर बसून मला शब्दाची फोड करून दिली. माजी मालगुजारी, म्हणून मा-मा. मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि कुण्या कारकुनाने लिहायचा कंटाळा करून दोन अक्षरं ठेवली. ‘‘मालगुजाराच्या बी आंधीचा तलाव हाये हा. गोंड राजानं मनलं, जो तलाव बांधन त्याले गाव. आमच्या लोकाईनं बांधला. माती वाहनारे सारेच होते, गोंड होते, महार होते, ढिवर होते. त्यात मामा कोनीच नोता.’’

मी हसण्यावारी नेणार होतो. पण त्यांनी बंडीतून घडी घातलेली एक रंगीत पुस्तिका काढली. तलावाच्या दुरुस्तीची योजना झाली तेव्हा ती वाटली होती. दुसऱ्या पानावर, शब्दाला शब्द, माझा तो परिच्छेद. ‘भाच्यांना मामाने दिलेली जलभेट.’ खाली माझं नाव नव्हतं, एवढीच दया. कोहळ्यांचं नाव सबंध पुस्तिकेत नव्हतं, आणि सोमाजींच्या कामाचंही नव्हतं. ते या तलावाचे पाणकर. तलावातलं पाणी धानाला वाटून देणारा तो पाणकर. त्यांचे वडीलही पाणकर होते, आजेही. हॉलंडमध्ये असा माणूस असता तर मी त्याची स्लाइड काढली असती.

राग येण्यासारखं आणखी पुढे होतं. पाळीच्या पोटात पूर्वी तुडुम होतं, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं दगडी बांधकाम, प्रत्येक पायरीला भोक आणि भोकाला लाकडी बूच. पाणी जसं उतरेल तसं एकेक खालचं बूच काढायचं. कधीही काढलं तरी वरचं, उन्हाने कोमट झालेलं पाणीच धानाला जाई, आणि धारेला एवढाच जोर, की पाट फुटत नसे. हे कुठल्या विद्यापीठात शिकवलं होतं? दुरुस्तीत त्यावर काँक्रीट ओतलं आणि लोखंडी दार बसवलं. दाराला चाक, चाकाला साखळी, साखळीला कुलूप. ‘विदेशी धर्तीवर’ असं पाटीवर लिहिलंय.

‘‘किल्ली?’’

‘‘ओवरशेराजवळ. थो गोंदियात राह्यते. ऑर्डर नाई मनते.’’

तेवढ्यात पाळीखालून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात विळा. वच्छलाबाई. त्यांची बांधी पाटाच्या अगदी शेवटी. त्या मला थेट तिथेच घेऊन गेल्या; चालायला पाऊण तास लागला. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. त्यांनी एक पोटरी सोलून आतली कोवळी लोंबी माझ्या हातावर ठेवली.

‘‘चार दिवसात पानी नाई आलं तं हे पोचट निंगते भाऊ. वर्साचं खानं हाये माह्यं.’’

‘‘अर्ज दिलात?’’

‘‘तीन देल्ले.’’

सोमाजींच्या पद्धतीत पाण्याची पाळी शेंड्यापासून सुरू होई. शेवटची बांधी आधी भिजवायची, मग एकेक करत पाळीकडे यायचं. ‘‘मुंडीच्या बांध्याईले पाजा लागत नाई, थ्या झिरप्यावरच पितेत,’’ असं त्यांचं साधं गणित. (मुंडी म्हणजे पाळीलगतचं पाटाचं तोंड.) वच्छलाबाईंच्या सासऱ्याने धर्म बदलला, बौद्ध झाला, गावात बरंच काही बदललं, पण शेंड्याला पहिलं पाणी हा नेम सोमाजींच्या वडिलांनी मोडू दिला नव्हता. तो कुलपाने मोडला.

मी कॉलेजात जाऊन फोन लावला. मी कोण हे न सांगता, एक नागरिक म्हणून. पाटबंधारे खात्याचे ते ओव्हरसिअर सौजन्याने बोलले. ‘‘देखिए सर, ऑर्डर ऊपरसे आती है. आणि कागदावर पाणकर नावाचं पदच नाही, मी किल्ली देऊ कोणाला?’’ धान मरतंय, म्हटलं. ‘‘वो तो हर साल का है,’’ म्हणाले आणि फोन ठेवला.

माझं डोकं तापलं. मग मी एक हलकं काम केलं, ते कबूल करतो. प्राचार्यांना म्हणालो, हॉलंडवरच्या माझ्या पुस्तकात तुमच्या तालुक्यातलं हे दार घालीन म्हणतो, उघडं, वाहत्या पाण्यासकट, फोटो हवा. पुस्तक-बिस्तक काही नव्हतं. प्राचार्यांनी लगेच गोंदियाला फोन फिरवला. दुपारी एक वाजता ओव्हरसिअर इस्त्रीचा शर्ट घालून, किल्ली घेऊन, मोटारसायकलवरून हजर! तीन अर्जांना न हललेली ऑर्डर एका फोटोसाठी हलली.

दार चढलं. पाणी असं धडाडून निघालं की पाटाच्या कडा ढासळू लागल्या. सोमाजी कुदळ घेऊन पुढे धावले, कडा लिंपत, मुंडीच्या बांध्यांची तोंडं चिखलाने बंद करत. पाणी शेंड्याला पोचायला तीन-साडेतीन तास लागणार होते. ओव्हरसिअरना दहा मिनिटांत घरी जायचं होतं.

मी फोटो काढू लागलो. दाराचा, चाकाचा, साखळीचा. ओव्हरसिअरचा चाकावर हात ठेवून, मग हात काढून. ऊन डोळ्यांवर येतंय, म्हटलं, जरा थांबू. चहा मागवला. परत काढले. हॉलंडमध्ये असे फोटो संध्याकाळच्या उजेडातच काढतात, असं ठोकून दिलं. त्यांनी केस विंचरले. रोल छत्तिसाचा, तो दोन तासांत संपला. पुढचा दीड तास मी रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण दाबत होतो आणि ‘‘वा, छान’’ म्हणत होतो. एका माणसाच्या वर्षभराच्या भातासाठी मला विदूषक व्हावं लागत होतं आणि आतून मी नुसता पेटलो होतो.

पाच वाजून गेल्यावर वच्छलाबाई पाळीवर आल्या. लुगडं पोटरीपर्यंत ओलं होतं, पायांना ताजा चिखल होता. मी कॅमेरा पिशवीत टाकला. ओव्हरसिअरनी कुलूप लावलं आणि पत्ता लिहून दिला, पुस्तकाची प्रत पाठवायला.

निघताना सोमाजी फाट्यापर्यंत आले. ‘‘पंधरा दिवसानं अजून एक पाळी लागन,’’ ते म्हणाले. ‘‘दाना भराले.’’ मी ‘येतो’ म्हणालो नाही. खोटं बोलणं माझं त्या दिवसापुरतं भरपूर झालं होतं.

पुण्यात आल्याआल्या मासिकाला माझ्या चुकीची दुरुस्ती पाठवली. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, माजी मालगुजारी. आणि तलाव बांधणारे कोहळी. संपादकांनी ती छापली, शेवटच्या पानावर, शब्दकोड्याच्या उत्तरांखाली. वर पत्र लिहिलं, की हॉलंडवर मात्र आणखी चार लेख द्या, वाचकांना फार आवडतंय. लहान देशाचं विज्ञान आपल्याला आवडतं, फक्त तो देश लांब हवा. जवळचं असलं की ती तक्रार होते आणि ती ऑफिसात द्यायची असते.

पंधरा दिवस झाले, वीस झाले. राहवेना, म्हणून गावातल्या एसटीडी बूथवर फोन करून वच्छलाबाईंना बोलवायला सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा लावला तेव्हा त्या आल्या होत्या.

‘‘पाणी मिळालं का हो?’’

‘‘भेटलं. दाना भरला.’’

‘‘आणि सोमाजी कसे आहेत?’’

‘‘त्याईले ठान्यात बसवून ठेवलं हाये सकाळपासून. कुलूप तोडलं मनून.’’

वकील, प्राचार्य, पत्र, असं काहीबाही बोलत गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘भाऊ, एक विचारू? त्या तुमच्या देशात असं कुलूप राह्यलं तं किल्ली कोनाजवळ राह्यते?’’

‘‘तिथल्या लोकांजवळच,’’ मी म्हणालो.

‘‘मंग आमच्या सोमाजीनं काय येगळं केलं?’’