सासरचा अमेरिकन खलाशी

माझ्या सासरी सगळ्यात जास्त अभिमान कुणाचा असेल, तर सासूबाईंच्या खापरपणजोबांचा. ते अमेरिकेहून व्हेल मारणाऱ्या जहाजावरून न्यूझीलंडला आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि राहिले. सात मुलं झाली. वेलिंग्टनजवळ हट व्हॅलीतल्या सासरच्या घरी त्यांचा दाढीवाला फोटो टीव्हीच्या वर लावलेला आहे. पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा सासूबाईंनी माझी ओळख आधी त्या फोटोशी करून दिली होती.

दोन वर्षांपूर्वी ईस्टरला सगळ्या कुळाचा मेळावा ठरला. सासूबाई म्हणाल्या, "तू कंप्युटरमधली आहेस. त्यांचं अमेरिकेतलं मूळ तूच शोध." मी वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात डेटाबेस सांभाळते, त्याचा आणि वंशावळीचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. पुण्याहून आलेल्या सुनेवर पहिल्यांदाच काहीतरी सोपवलं जात होतं. मी हो म्हणाले. सासूबाईंनी डीएनए टेस्टच्या नळीत थुंकी दिली आणि खातं माझ्या ईमेलवर उघडलं, कारण त्या ईमेल वापरत नाहीत.

सहा आठवड्यांनी अमेरिकेतल्या एका बाईंचा निरोप आला. ऐंशीच्या आसपास, पूर्वी शाळेत ग्रंथपाल. सासूबाईंचं आणि त्यांचं रक्त थोडं जुळत होतं. त्यांनी लिहिलं होतं, "आमचे खापरपणजोबा व्हेलच्या शिकारीला गेले आणि समुद्रात बुडाले. त्यांच्या बायकोनं पुन्हा लग्न केलं नाही. खानावळ चालवून तीन मुलं वाढवली. गावच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे, खाली कुणी नाही. आम्ही अजून तिथे फुलं ठेवतो. तुमचं-आमचं नातं कुठून लागत असेल?"

नाव तेच, गाव तेच, जन्मसाल तेच. जुन्या नोंदी काढून बसले आणि तासाभरात खात्री पटली. ते बुडाले नव्हते. इथे आणखी तीस वर्षं जगले होते.

मी ऑफिसातून घरी जाताना ट्रेनमध्ये तो निरोप रोज उघडायची. उत्तर लिहायला घ्यायची आणि पुसून टाकायची. खरं लिहिलं तर त्या बाईंच्या घराण्यातली विधवा एका क्षणात टाकलेली बायको होणार. इथे सांगितलं तर सासूबाईंची खापरपणजी कोण ठरणार? आणि हे दोन्हीकडचं जगात फक्त मला ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या कुटुंबात मीच एकटी परकी, आणि किल्ली माझ्याच हातात.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मेळावा होऊ दे. आईला आत्ता नको."

मेळाव्याला सभागृहाच्या भिंतीवर मी केलेला लांबलचक तक्ता होता. अमेरिकेच्या बाजूला मी फक्त त्यांच्या आईवडिलांची नावं लिहिली होती. सासूबाईंनी माझा हात धरून मला पुढे नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे आमच्या मुलीनं केलंय." टाळ्या झाल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. 'आमची मुलगी' हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पुढच्या आठवड्यात अमेरिकेतून पुन्हा विचारणा आली. आता राहवेना. रविवारी जेवणानंतर भांडी पुसता पुसता मी सासूबाईंना सगळं सांगितलं, निरोपही वाचून दाखवला. त्यांनी नळ बंद केला.

"तीन मुलं?"

"हो. धाकटी तेव्हा वर्षाचीही नव्हती."

त्या खुर्चीवर बसल्या. माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं, पण त्या थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "आमची आजी त्यांचा विषय निघाला की उठून जायची. आम्हाला वाटायचं, ती शिष्ट आहे." मग थोड्या वेळानं, "तू त्या बाईंना काही लिहू नकोस. मी आहे तोवर तरी नको."

"पण त्या वाट बघतायत. त्यांचंही वय झालंय."

"मला कळतं ते," त्या म्हणाल्या. "तरीही नको."

मला वाद घालता आला असता. घातला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी लिहिलं की नातं नेमकं कुठून आहे ते सापडत नाही, क्षमस्व. तासाभरात उत्तर आलं. बाईंनी मनापासून आभार मानले होते आणि लिहिलं होतं, "कधी काही कळलं तर जरूर कळवा. मी रोज बघते."

त्यानंतर त्यांचे चार निरोप आले आहेत. मी खातं बंद केलेलं नाही आणि एकाही निरोपाचं उत्तर दिलेलं नाही. सासूबाई त्याबद्दल विचारत नाहीत. दर रविवारी आम्ही शेजारी उभ्या राहून भांडी पुसतो, आणि त्या माझ्याशी पूर्वीपेक्षा फार चांगलं वागतात.