अकिकाची भुकटी

सारजाबाईला शेडमधल्या चहाची फार किळस यायची. कप हातात येईपर्यंत त्यावर राखाडी साय धरलेली असायची. ती दुधाची नव्हे, दगडाची. बोटानं बाजूला सारायची आणि प्यायची. नाक शिंकरलं तरी राखाडीच.

नवरा गेल्यावर ती पाचोडहून शहरात आली आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये अकीक घासायला लागली. फिरत्या चाकावर दगड धरायचा, घासून मणी करायचा. अशी अकरा वर्षं गेली. चाकावर पाण्याची धार सोडली तर भुकटी उडत नाही, हे मालक तात्यासाहेबांना ठाऊक होतं. पण ओल्या चाकावर काम सावकाश होतं. म्हणून धार सुटायची ती फक्त तपासणीचा साहेब येणार त्या दिवशी.

खोकला लागला तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरनं टीबी म्हणून गोळ्या दिल्या. सहा महिने, मग आणखी सहा. भूक मेली, दम वाढतच गेला. शेवटी लेक सरिता तिला घाटीत, मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टर मोनिकानं छातीचा फोटो पाहिला आणि आजवर कुणीच न विचारलेलं विचारलं, "मावशी, काम काय करता?"

उत्तर ऐकून मोनिकानं फोटो पुन्हा उजेडाकडं धरला. "हा टीबी नाही, सिलिकोसिस आहे. दगडाची भुकटी फुप्फुसात बसलीय. ती आता निघत नाही."

आठवड्यानं तात्यासाहेब घरी आले. हातात केळी, एक कागद आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला हिरवा खडा.

"हा गळ्यात घाल. मोठमोठे लोक नेतात, श्वास मोकळा होतो म्हणून. आणि इथं अंगठा दे. तू शेडमध्ये नुसती झाडलोट करायचीस, एवढंच लिहिलंय."

शेडमधली गोजरबाई असेच खडे घासता घासता खोकून मेली होती. सारजाबाईनं खडा त्यांच्याकडं परत सारला.

"ज्यानं गोजरबाई गेली, तेच माझ्या गळ्यात बांधायलात? शरम नाय वाटत? आन् अंगठा कशाला? मला सही येती. ती मी दुसऱ्या कागदावर करनार हाय."

तिनं कामगार कार्यालयात तक्रार केली. शेडमधल्या आणखी तिघींना घाटीत नेलं. तिघींनाही तोच आजार निघाला. सुनावणीत मालकाचा वकील म्हणाला, हा चुलीचा धूर.

"चुली चौघींच्या येगळ्या," सारजाबाई धापा टाकत म्हणाली, "मंग फोटू सारखे कसे? आन् माझ्या घरी तर गॅस हाय."

शेडला सील लागलं. महिनाभरात तीच चाकं गंगापूरकडं दुसऱ्या नावानं, कोरडीच फिरू लागली. कळल्यावर सारजाबाई सरिताला घेऊन जीपनं तिथं गेली. जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर उभी राहून, मधे मधे श्वास घेत, तिनं बायांना सगळं सांगितलं. दोघी घरी निघून गेल्या. बाकीच्या खाली मान घालून आत गेल्या. चाकं सुरू झाली.

"चल, आई," सरिता म्हणाली.

"थांब जरा. सांजच्याला सुटतील तवा परत सांगू," सारजाबाई म्हणाली आणि फाटकाजवळच्या दगडावर बसली.